बाहेर निघालेली फळी

यंदाही सिद्धेश्वर धरणाच्या काठावर आमची जुनी होडी उपडी घातली आणि फटींतला सडका कापूस उकरायला बसलो. आता बहुतेकांकडे फायबरच्या होड्या आहेत. डांबर तापवणारा मी एकटाच उरलोय. डाव्या बाजूच्या खालच्या फळीशी छिन्नी थांबते. दर उन्हाळ्यात तिथंच थांबते.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की होड्या चिखलावर पडून राहतात. लाकूड आकसतं, फटी रुंदावतात. म्हणून जुना कापूस काढला की होडीवर ओली पोती टाकायची, लाकूड थोडं फुगू द्यायचं, मग हलक्या हातानं नवा कापूस भरून वर डांबर ओतायचं. हे मला थोरल्या भावानं शिकवलं होतं. तरुणपणी एका वर्षी तो एका लग्नाला डोंगरकडा गावी गेला आणि काम माझ्यावर आलं. इतरांच्या होड्या पाण्यात उतरल्या होत्या, मला घाई झाली. कोरड्या फटींतच मी मावेल तितका कापूस हातोडीनं ठोकला.

भावानं येऊन फळ्यांवरून हात फिरवला. "पोती टाकली होती ना?"

"व्हय," मी म्हणालो.

पाण्यात लाकूड फुगलं. कापसानं आधीच जागा अडवलेली, त्यामुळे फळीच खिळ्यांतून सुटली. भाऊ भर पाण्यात होता. तो पोहत आला, पण शेजाऱ्याची नवी जाळी बुडाली. यानं पिऊन होडी पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडावर घातली, असं काठावर ठरलं. तो कधीमधी प्यायचा, तेवढं पुरलं.

"खोड लागलंच न्हाई मला," तो सांगत राहिला.

होडी काठाला ओढली तेव्हा खाली वाकून आधी मीच पाहिलं. फळी बाहेर निघाली होती. खोडाची धडक असती तर ती आत गेली असती. मी दगडानं ती आत ठोकली आणि मग लोकांना हाक मारली.

पुढं भावासोबत कुणी होडीत बसेना. जाळं टाकायला दोन माणसं लागतात. लोक हसतील म्हणून मीही बसलो नाही. तो हिंगोलीत हळदीची पोती उचलायला लागला, आणि गेल्या हिवाळ्यात वारला.

परवा वहिनी भाकरी घेऊन काठावर आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तिनं भाकरी खाली ठेवली.

"मेल्यावर सांगून राहिले, भावजी? आन् मला काहून? जिथं गप बसले होते, तिथं सांगा."

त्याच संध्याकाळी जाळी विणत बसलेल्यांना सांगितलं. पोती, कापूस, दगड, काहीच गाळलं नाही.

एकजण हसला. "म्हातारं भावासाठी खोटं बोलून राहिलं."

"बोलू दे की," दुसरा म्हणाला. "असा भाऊ मिळाया नशीब लागते. बसा काका, चहा घ्या."

मी पुन्हा फळीचं सांगू लागलो. ते मान डोलवत राहिले, रडक्या लेकराची समजूत घालावी तसे.

घरी वहिनीनं विचारलं, "काय म्हणले?"

"कुणाला पटलं न्हाई. मला भला माणूस म्हणून राहिले."

"म्हंजी आताबी तुमीच भले," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यांचा चहा मी प्यालो होतो, हे तिला सांगितलं नाही.