अण्णांच्या गाडीचं वायरिंग

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, आयुष्यात कधी काही चुकलं नाही. चुकायचं ते जगाचं. दारावरची बेल त्यांना कळली नाही, तर बेल बिघडलेली. बातम्या ऐकू आल्या नाहीत, तर हल्लीच्या निवेदकांना बोलायची अक्कल नाही. फोनवर मी बेंबीच्या देठापासून ओरडले, तरी वर मलाच ऐकवायचे, "जेवत नाहीस का तू? आवाजात दमच नाही!" छापखान्यात, खडखडणाऱ्या मशीनशेजारी सगळी नोकरी काढलेला माणूस. कान जाणार नाहीत तर काय होईल? पण 'कान तपासून घ्या' असं कागदावर लिहून दाखवलं, तरी चपला घालून सरळ घराबाहेर!

आईचं दुखणं वेगळंच होतं. एकदा भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "अगं, वर्षभरात आमचं भांडण झालं नाही."

"मग बरंच की!"

"डोंबल बरं! मी काहीही बोलले तरी मान हलवतात आणि 'बरं' म्हणतात. परवा म्हटलं, मी घर सोडून चाललेय. तर 'बरं' म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं." बोलता बोलता तिने विसळलेलंच भांडं पुन्हा विसळायला घेतलं. "जन्मभर शब्दाला शब्द देणारा माणूस गं. आता भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं."

हसावं की रडावं, मला कळेना. काही करून अण्णांना डॉक्टरकडे न्यायचंच, असं मी ठरवलं. पण नेणार कसं? उचलून?

तेवढ्यात अण्णांनी गाडीतल्या गाण्यांचं प्रकरण काढलं. गाणी बारीक वाजतात, म्हणजे दोष कंपनीच्या स्पीकरचा. कुठूनसा एक दांडगा अँप्लिफायर आणि अर्धी डिकी खाणारा स्पीकर बसवून घेतला. झालं काय, ठेका पडला की पुढचे दिवे मंद व्हायचे. गाडी गाण्यावर डोळे मिचकावत आमच्या गॅरेजसमोर येऊन उभी राहिली.

आमचे हे गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. मी जेवढी तोंडाळ, तेवढेच हे घुमे. बॉनेट उघडून त्यांनी बुटाच्या नाडीएवढी वायर चिमटीत धरून अण्णांना दाखवली.

"मी म्हणत नव्हतो?" अण्णा गरजले. "वायरिंगचाच दोष आहे!"

नंतर ह्यांनी मला समजावलं. अँप्लिफायर जोरात वीज ओढतो, बारीक वायरीतून तेवढी येत नाही, मग दिवे उपाशी राहतात. म्हणून ह्यांनी वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल टाकली. तशीच एक बॅटरीपासून बॉडीला आणि एक इंजिनपासून बॉडीला. बॉडीला जोडायच्या जागी रंग घासून पत्रा चकचकीत केला, कारण रंगावर बोल्ट आवळला तर वीज नीट जात नाही. अँप्लिफायरलाही जाड केबल टाकली आणि बॅटरीशेजारी मोठा फ्यूज बसवला. अण्णा मागे हात बांधून देखरेख करत होते. "तो बोल्ट आवळा, जावईबापू." आवळलेला बोल्ट ह्यांनी पुन्हा आवळल्यासारखं केलं. जावई म्हणून जन्माला आलेला माणूस आहे हा!

मग चाचणी. अण्णा स्टिअरिंगवर, शेजारी आई. आवाज पूर्ण सोडला आणि अहाहा! टेबलावरचे बोल्ट आवळायचे पाने चालत चालत कडेला गेले आणि खाली पडले. नंबरप्लेट थरथरायला लागली. समोरचा शिंपी गळ्यात टेप घेऊन धावत आला आणि दोन्ही हात नाचवत काहीबाही ओरडला. अण्णांनी मान हलवली. "बरं, बरं." शिंपी कपाळाला हात लावून परत गेला.

"जावईबापू, आवाज कमीच आहे हो. एखादी वायर राहिली बघा."

माझं डोकंच फिरलं. मी तोंड उघडणार, तोच ह्यांनी मला हाताने थांबवलं. गाडी चालूच होती. ह्यांनी अण्णांना डिकीपाशी नेऊन अँप्लिफायरला मीटर लावून दाखवला. आकडा जाग्यावरून हलत नव्हता, म्हणजे वीज पुरेपूर येत होती. समोरच्या भिंतीवर पडलेला गाडीच्या दिव्यांचा उजेडही स्थिर होता. मशीनवाला माणूस, हे त्यांना कळत होतं. तरी म्हणाले, "स्पीकर बदलून बघा." ह्यांनी गॅरेजमधला नवा स्पीकर लावला. "कमीच आहे," अण्णा ओरडले. पण आता बदलायला काही उरलं नव्हतं.

अण्णांनी स्पीकरवर तळहात ठेवला आणि चटकन मागे घेतला. मग इकडेतिकडे बघितलं. शिंप्याने शटर ओढून घेतलं होतं. मी कानांवर हात ठेवून उभी होते. पुढच्या सीटवर आई दोन्ही कानांत बोटं घालून, डोळे घट्ट मिटून बसली होती. तिच्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग पुढे जाऊन त्यांनी किल्ली फिरवून गाडी आणि गाणी बंद केली.

"तुला आवाज इतका मोठा ऐकू येतो?"

आईने मान डोलावली.

"म्हणजे वायरिंग चांगलं झालंय." एवढंच बोलून ते सीटवर बसले. वर्षभर मनात घोकून ठेवलेलं माझं भाषण मी गुंडाळून ठेवलं. मला त्यांची फार दया आली. मग त्यांनी विचारलं, "कानाच्या डॉक्टरकडे गाडी लावायला जागा असते का?"

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडून कानातलं मशीन बसवून आम्ही परत निघालो. मी मागे बसले होते. आई सवयीने खिडकीकडे तोंड करून पुटपुटली, "इंडिकेटर द्यायचा नाही, काही नाही. निघाले मोठे ड्रायव्हर!"

अण्णांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली. "काय म्हणालीस?"

आई दचकली. त्यांच्याकडे बघतच राहिली. मग जरा आवाज चढवून म्हणाली, "खरं तेच म्हणाले!"

"तू सारखी टकळी चालवतेस, म्हणून विसरतो मी!"

"माझी टकळी? वर्षभर ऐकत तरी होतात का?"

"आणि वर्षभर तू माझ्या माघारी बोलत होतीस ना?"

"माघारी कुठे? तोंडावरच बोलत होते!"

झालं, सुरू! गाडी पुन्हा निघाली तरी दोघं थांबेनात. आई डोळे पुसत होती आणि पुसता पुसता भांडत होती. घर आलं, मी खाली उतरून दार धरून उभी राहिले, पण दोघांपैकी कुणीच गाडीतून उतरायला तयार नव्हतं.