बिनखिळ्याची खोली

जिना वरून अर्धा पुसून झाला होता. शिवणवाल्या काकूंनी फडकं पिळलं आणि बादलीपाशीच कान टवकारून बसल्या. वरच्या खोलीत भाडेकरूची बॅग पुन्हा सरकली.

“बघ वहिनी, मी म्हणत नव्हते?” खाली बटणं निवडत बसलेली नणंद म्हणाली. “पोटची पोरं सोडून या वयात परक्या देशात कोण येऊन राहतं? कुठेतरी पाणी मुरतंय.”

काकूंचा स्वभाव मुळातच संशयी. कापड घेतानाही आधी उलटी बाजू बघायच्या. देवावर मात्र डोळे झाकून भरवसा. बाकी कुणाला ती सवलत नव्हती. नवरा गेल्यावर शिवणयंत्र आणि वरच्या खोलीचं भाडं यांवर त्यांनी घर ओढलं. त्या खोलीत गेली तीन वर्षं एक निवृत्त परदेशी बसचालक राहत होते. काकूंपेक्षा वयाने मोठे, पण सारी गल्ली म्हणते म्हणून तेही त्यांना काकूच म्हणत. गल्लीने त्यांना साहेब करून टाकलं होतं.

साहेबांचा व्हिसा निवृत्त माणसांना मिळतो तसला, लांबच्या मुक्कामाचा. तो दरवर्षी वाढवून घ्यावा लागे आणि त्यासाठी ‘हे माझ्याच घरी राहतात’ अशी घरमालकिणीची सही लागे. या वेळी कचेरीतला माणूस खोली बघून गेला. भिंतीला खिळा नाही, दोरीवर कपडा नाही, सगळं बॅगेत. त्याने काकूंना बाजूला घेतलं.

“हा माणूस राहतोय की गाडीची वाट बघतोय? सही जपून करा. उद्या गायब झाला तर आम्ही तुमच्याच दारात येऊ.”

तेव्हापासून सहीचा कागद मशीनच्या खणात पडून होता. आज शेवटचा दिवस. सही नसली तर साहेबांना देश सोडावा लागणार होता.

काकू उठल्या आणि ओल्या पायऱ्यांवर पावलं उमटवत वर गेल्या. साहेब बॅगेवर गुडघा टेकून पट्टा आवळत होते.

“कुठे निघालात?”

“कुठे नाही. बॅग नेहमी भरलेली असते.”

“तेच विचारतेय! कुणाला बुडवून आलात का? पोलीस मागे आहेत? खरं सांगा, वर देव बघतोय.”

“पोलिसांचा दाखला असल्याशिवाय हा व्हिसा मिळत नाही, काकू. दोन देशांचे पोलीस मला ओळखतात.”

“ऐकलंस ना, वहिनी?” खालून आवाज आला.

साहेबांनी पट्टा सोडून बॅग उघडली. सगळ्यात वर जाडजूड लोकरी कोट. इथल्या उकाड्यात त्याच्याकडे बघूनच घाम फुटावा.

“परत जावं लागलं तर तिकडे थंडी.”

“कोण पाठवतंय परत?”

“तुम्ही. दरवर्षी कागद घेता, उलटा करता, उजेडात धरता. मग आठवडाभर गप्प. मला वाटतं, झालं, या वर्षी नाही. पहिल्या वर्षी विचारलं होतं, खिळा ठोकू का? तुम्ही म्हणालात, आधी किती टिकता ते बघू.”

काकूंना आठवलं. म्हणाल्या होत्या खऱ्या. त्यांनी कोट उचलला आणि सवयीने खिसे उलटे करून पाहिले. दोन डांबरगोळ्या निघाल्या.

“लोकर अशी कोंडतात का? ही कॉलर खाल्लीय कसरीने!”

खाली येऊन त्यांनी खणातून कागद काढला, देवाचं नाव घेतलं आणि सही केली. मागोमाग आलेल्या साहेबांनी हात पुढे केला, पण काकूंनी कागद सोडला नाही.

“रिकामी बॅग माझ्या पलंगाखाली राहील. कबूल?”

“कबूल.”

“मग पळा, कचेरी बंद होईल.”

“आणि हा जिना?” नणंद म्हणाली.

“तू पूस,” काकूंनी चपला पायात सरकवल्या. हार्डवेअरच्या दुकानातून खिळे आणायचे होते, कोटाचं वजन पेलतील असे.