माझ्या बहिणीचं रॅप आणि आईचा जवाब

माझी बहीण गिरण्यांचा संप फुटल्यावर जन्मली. संपाआधी आई लालबागच्या एका मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होती, बॉबिनवर सूत गुंडाळायचं काम. ती नोकरी गेली ती गेलीच. वडील कोकणात शेतीकडे परतले. आई आम्हा दोघींना घेऊन चाळीतच राहिली, खानावळीचे डबे करून तिनं आम्हाला शिकवलं. संपाबद्दल मात्र घरात चकार शब्द निघायचा नाही.

कॉलेजात असताना बहिणीनं गिरगावच्या फुटपाथवरून एका अमेरिकन रॅपरची कॅसेट आणली. इंग्रजी निम्मं कळेना, तेव्हा दादरच्या वाचनालयात डिक्शनरी घेऊन बसायची. घरी येऊन म्हणायची, "ताई, हा शिव्या देत नाहीये गं. मुद्दा मांडतोय, यमकात!" मला ते नुसतं भरभर बोलणं वाटायचं.

मग ती स्वतःच मराठीत रचायला लागली. भोईवाड्यापासून प्रभादेवीपर्यंत चालायची, ओठ हलत. एखादा शब्द पटला नाही की जेवणावरून उठायची.

एका गणपतीत चाळीच्या मंडळानं तिला पाच मिनिटं दिली, फॅन्सी ड्रेस आणि रेकॉर्ड डान्सच्या मधली. समोर खुर्च्यांवर सगळे जुने गिरणी कामगार. स्पीकरवर ठेका सुरू झाला आणि तिनं थेट त्यांनाच विचारलं,

"हरलात ते कबूल करा, मगच कळेल का हरलात;
गेट मालकांनी लावलं, की तुम्हीच मागे सरलात?"

मला वाटलं, आता चप्पल येणार. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून आई उठली.

"तुका कोणी सांगल्यान, आमी हरलंव?" एरवी मराठी बोलणारी आई चिडली की मालवणीवर यायची. "हरलंव म्हणान गप नाय रवलंव. कोणी इचारूकच नाय म्हणान गप रवलंव!"

ठेका चालूच होता. बहिणीनं तो दोनदा जाऊ दिला, मग माइक धरून आईकडे वळली,

"आई म्हणते, हरलो नव्हतो, कुणी विचारलंच नाही;
आज विचारते भर चाळीत, बोल, काय झालं, आई?"

आणि आई बोलली. मोर्चात तान्ह्या मला कडेवर घेऊन गेलेली, पोलिसांच्या गाडीत बायकांनी फुगड्यांची गाणी म्हटलेली, शेजारणीनं स्वतःच्या पोरांआधी माझ्या वाटीत पेज ओतलेली. ती एक गोष्ट सांगायची, बहीण तिथल्या तिथे दोन ओळी जुळवायची. भजन मंडळातले म्हातारे बुवा ओरडले, "अरे, ही तर डबलबारी! दोन बुवांचा भजनातला सवाल-जवाब!" मग दुसरे कामगार उठले. रेकॉर्ड डान्सवाली मुलं मेकअप करून तशीच ऐकत बसली. मी टाळ्या वाजवत होते आणि रडतही होते.

पुढे ते रॅप आम्ही आईच्या आवाजासकट रेकॉर्ड केलं. मोबाइलवरून मोबाइलवर गेलं, परळला गेलं, वरळीला गेलं. शेवटी बोलावणं आलं ते आईच्याच मिलच्या जागेवरून. तिथे आता काचेची हॉटेलं आणि गाण्याचा मोठा हॉल.

आयोजक म्हणाला, "मॅडम, जरा सोप्पं करा. लोक नाचायला येतात."

"नाचतील ना," बहीण म्हणाली. "ऐकून झाल्यावर."

तिनं एक शब्द बदलला नाही. पहिलं कडवं लोकांनी उभ्यानं, गप्प ऐकलं. दुसऱ्याला माना हलायला लागल्या. तिसऱ्यांदा ती "बोल" म्हणाली आणि अनोळखी पोरापोरींचा अख्खा हॉल गरजला, "काय झालं, आई?" पुढच्या रांगेत मनगटाला प्रवेशाची कागदी पट्टी बांधलेली आमची आई उठून उभी राहिली आणि साडीचा पदर खोचून नाचली. मीही नाचले.

आता दर शनिवारी बहीण परळच्या एका चाळीत रॅप शिकवते. अट एकच: जे लिहाल त्याच्या उलट बाजूनंही लिहून दाखवायचं. वरळी कोळीवाड्यातली एक मुलगी परवा म्हावरं विकणाऱ्या आईच्या बाजूनं आणि घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूनंही असं काही बोलली की बहीण टाळी द्यायला जागेवरून उठली. खोली पुरेना, म्हणून वर्ग आता गच्चीवर भरतो.