डॉस गुरुजी आणि नऊ चुली

डॉस गुरुजींनी आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर पाहिला, त्याच्या आधी सहा वर्षं ते प्रोग्रॅम लिहीत होते. वहीत. जव्हारच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना प्रोग्रॅमिंगचं इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, पहिली वीस पानं गायब झालेलं. गुरुजी एकविसाव्या पानापासून शिकले. वहीच्या डाव्या पानावर यंत्राला द्यायच्या आज्ञा लिहायच्या आणि उजव्या पानावर आपणच यंत्र होऊन एकेक ओळ पाळत जायची, हा त्यांचा परिपाठ. उत्तर चुकलं की स्वतःलाच लाल शाईने फुली मारायची. प्राथमिक शिक्षकच ते, लाल पेनाशिवाय त्यांना चैन पडत नसे.

मी तेव्हा मोखाड्याला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळत होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. ठाण्याहून आमच्याकडे एक कॉम्प्युटर आला आणि चार महिने खोक्यातच पडून राहिला, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती होईना. शेवटी साहेबांना कोणीतरी गुरुजींचं नाव सांगितलं आणि शाळेतून उचलून त्यांना आमच्याकडे प्रतिनियुक्तीवर आणलं. पन्नाशीला टेकलेले, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. चपला बाहेर काढून खोलीत शिरले, खुर्चीवर बसले, बराच वेळ कीबोर्डकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अक्षरं क्रमाने का नाहीत, हे त्या पहिल्या वीस पानांत असणार."

डॉस हे नाव आम्ही ठेवलं. काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायची जुनी पद्धत ती डॉस. एव्हाना चित्रं, खिडक्या आणि माउस असलेली नवी पद्धत आली होती, आमच्या मशिनात होतीही. सगळ्या ऑफिसला तीच आवडायची. गुरुजींना नाही. "इथं काय हवंय ते तुला नीट सांगावं लागतं. तिथं नुसतं बोट दाखवायचं. बोट तर तान्हं पोरही दाखवतं," असं ते म्हणायचे. त्यावर कोणी वाद घातलाच तर त्याला उदाहरणं देऊन देऊन हैराण करायचे. मी एकदाच घातला, पुन्हा त्या वाटेला गेलो नाही.

मतं मात्र त्यांना प्रत्येक गोष्टीवर. नाशिकचा पेपर दुपारच्या एसटीने यायचा आणि त्यात आठवड्यातून एकदा संगणकविश्वाच्या बातम्या असायच्या. गुरुजी ते पान ब्लेडने कापून वहीत चिकटवत आणि खाली तपासणीचा शेरा मारत. 'अर्धवट.' 'ही बातमी नव्हे, जाहिरात.' 'पुन्हा लिहा.' दहा वर्षांत खेडोपाडी घराघरांत संगणक पोचेल, अशी एक मोठी बातमी आली होती. तिच्याखाली त्यांनी लिहिलं होतं, 'विजेच्या खांबांचा उल्लेख राहिला. पाचपैकी दोन.' जगातल्या बड्या बड्या कंपन्या मोखाड्यात अशा नापास होत होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

दोन हजार साल लागताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली, तेव्हा बाजाराच्या दिवशी लोक गुरुजींना गाठून विचारायचे. गुरुजी शांतपणे म्हणायचे, "बंद पडायला आधी वीज लागते. एकतीस तारखेला ती असेल तर मी काळजी करतो." ती नव्हतीच. एक तारखेला दुपारी वीज आली, मशीन सुरू झालं, आणि दोन बाबूंची निराशा झाली.

खेळांच्या बाबतीत ते कडक होते. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचा डाव रंगायचा, पडद्यावरचा. गुरुजींचं मत: "हरलात की पुन्हा मांडता, जिंकलात तरी पुन्हा मांडता. याला खेळ नाही, व्यसन म्हणतात." सुरुंग शोधायचा खेळ मात्र त्यांना मान्य होता, कारण त्यात चौकोनावरचा आकडा शेजारी किती सुरुंग आहेत ते खरं सांगतो. कोणी अंदाजाने चौकोन दाबला की ते त्याला सरळ खुर्चीवरून उठवायचे. एकदा साहेबांनाही उठवलं. साहेब उठले, हे विशेष.

आता खरी गोष्ट सांगतो. सूर्यमाळच्या बाजूला उन्हाळ्यात पाण्याचे हाल. झरे आटतात आणि पाड्यापाड्यावर टँकर धाडावा लागतो. कुठल्या पाड्याला किती खेपा, हे तोवर कसं ठरायचं म्हणाल, तर ज्याचा आवाज मोठा त्याला आधी. गुरुजींनी मनावर घेतलं की हे आता कॉम्प्युटर ठरवेल: जितकी माणसं, तितकं पाणी. सरकारी याद्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. "यादीत मेलेलेही आहेत, भाऊ. मेलेले पाणी पीत नाहीत," ते मला म्हणाले. मग भर थंडीत, जानेवारीत, हा माणूस रजेच्या दिवशीसुद्धा डोंगर तुडवत पाड्यापाड्यावर जाऊन स्वतः मोजणी करून आला. नियम एकच: ज्या घरात चूल पेटती दिसेल तेच घर धरायचं. दार बंद असेल तिथं शून्य.

प्रोग्रॅम झकास झाला. मार्च अखेरीला पहिली यादी छापून निघाली तेव्हा साहेबांनी ती दोनदा वाचली आणि सगळ्यांना चहा सांगितला. वशिला नाही, आरडाओरडा नाही. गुरुजींच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो मी नंतर कधी पाहिला नाही, खरं सांगतो. तो कॉम्प्युटर म्हणजे त्यांचा जीव की प्राण झाला होता.

मे महिन्यात सूर्यमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यातली म्हातारी दरीतल्या झऱ्यावर हंडा भरायला उतरली आणि खडकावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. डोली करून तिला रस्त्यापर्यंत आणलं आणि जीपने जव्हारच्या दवाखान्यात नेलं. पाड्याचं नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत तिथं. पुढच्या बाजाराला तिची सून, जनीबाई, आणखी सहासात बायकांना घेऊन ऑफिसात आली. ओरडली नाही. एवढंच विचारलं, की खालच्या पाड्याला एक दिवसाआड टँकर नि आमाला पाचव्या दिवशी, आसं का?

गुरुजींनी तिला आत बोलावलं, यादी काढली आणि समजावून सांगू लागले, "हे बघ बाई, तुमच्या पाड्यात चुली नऊ."

"नऊ कशा? आठ्ठावीस हायेत."

"मी स्वतः मोजल्यात."

"तुमी थंडीत आलता, गुरुजी," जनीबाई म्हणाली. "थंडीत पाड्यात कोन र्‍हातं? म्हातारी नि कोंबड्या. आमी समदी भट्टीवर. दारं दोरीनं बांधलेली दिसली न्हवं तुमाला? मंग? आमी मेलो होतो का?"

दिवाळी झाली की आमचा अर्धा तालुका वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर उतरतो. होळीला येतात, काही पुन्हा जातात, वैशाखात सगळे घरी. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. जनीबाई गेल्यावर गुरुजी यादी हातात धरून बसले होते. मी पाणी नेऊन ठेवलं. ते म्हणाले, "मला माहीत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, भाऊ. पंचवीस वर्षं दिवाळीनंतर माझा वर्ग अर्धा होतोय. हजेरीत मीच गैरहजेरी मांडतो. आणि मीच त्या दारांपुढे शून्य लिहिलं."

दोन दिवसांनी वरून खुलासा मागवला गेला. साहेब तसे वाईट नव्हते. मला म्हणाले, "कॉम्प्युटरमधलं कोणाला काय कळतंय? तांत्रिक बिघाडामुळे यादी चुकली असं लिहा आणि मिटवा." मी मसुदा केला. चांगला केला, त्या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने गुरुजी सुटत होते, साहेब सुटत होते, मीही सुटत होतो. कॉम्प्युटर काही उलट बोलणार नव्हता.

गुरुजींनी तो उभ्या उभ्या वाचला आणि टेबलावर ठेवला. "बिघाड कुठं झालाय? मी सांगितलं ते त्याने तंतोतंत केलं."

"गुरुजी, तुमच्यासाठीच लिहिलंय," मी म्हटलं.

"ते कळतंय रे. पण उद्या सगळे हेच म्हणायला लागतील. माणूस चुकणार आणि नाव मशीनचं. मग पाड्यावर परत मोजायला जाणार कोण?"

साहेबांनी त्यांना आत घेऊन स्पष्ट सांगितलं, की तुमची चूक आहे असं लेखी गेलं तर प्रतिनियुक्ती रद्द होईल आणि ज्या शाळेवर जाल तिथं दिवाही नसेल, कॉम्प्युटरची तर गोष्टच सोडा. मी दाराशीच उभा होतो. गुरुजी म्हणाले, "दोन दिवस द्या साहेब. पाडा पुन्हा मोजतो, प्रोग्रॅम नीट करतो आणि जातो." खुलासा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, चार ओळींचा. मोजणी चुकीच्या महिन्यात केली, ती मी केली, यंत्र निर्दोष आहे. खाली सही. मी त्याला जावक क्रमांक घातला तेव्हा मला शरम वाटली, आजही वाटते.

पाड्याला एक दिवसाआड टँकर सुरू झाला आणि गुरुजी त्याच आठवड्यात गेले. त्यांच्या जागी साहेबांनी मला बसवलं, का ते मला तेव्हा कळलं नाही. प्रोग्रॅम सुरू केला तर पडद्यावर एक नवीनच ओळ आली, इंग्रजी अक्षरांत मराठी: 'मोजणी कोणत्या महिन्यात केली?' महिना टाकल्याशिवाय पुढे सरकायचं नाव नाही. थंडीतला महिना टाकला की उत्तर यायचं, 'पुन्हा जा.'

तीन वर्षांनी माझ्या हातात जानेवारीतली मोजणी आली. साहेब नवीन होते आणि त्यांना यादी संध्याकाळपर्यंत हवी होती. मी महिन्याच्या जागी पाच टाकला, म्हणजे मे. प्रोग्रॅमने काही कुरकुर केली नाही, यादी छापून दिली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जव्हारच्या स्टँडवर गुरुजी भेटले. निवृत्त झाले होते, थकले होते. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी ही गोष्ट त्यांना सांगून टाकली. मला वाटलं, रागावतील.

"यादी आली असेल," ते म्हणाले.

"आली."

"येणारच. जायच्या आदल्या दिवशी मीही खोटा महिना टाकून पाहिला होता. खोटं सांगितलं तर प्रोग्रॅमने ओळखायचं कसं, हे मला काही सुटलं नाही. म्हणून तर साहेबांना म्हटलं, त्या खुर्चीवर या भाऊला बसवा."

"मला? खोटा मसुदा तर मीच लिहिला होता, गुरुजी."

"हो. आणि पुढे मी जाईपर्यंत तू माझ्या नजरेला नजर दिली नाहीस. म्हटलं, हा चालेल." मग विचारलं, "त्या यादीचं काय केलंस?"

"फाडली. साहेबांच्या शिव्या खाल्ल्या आणि मे महिन्यात वर जाऊन मोजून आलो. तोही पाडा मोजला."

"किती निघाल्या चुली?"

"एकतीस."

गुरुजींनी बोटांवर काही केलं नाही, आठवायलाही थांबले नाहीत. "तीन वाढल्या," ते म्हणाले.