कासाराचा अंगठा

सोलापुरात आमच्या पेठेत बांगड्या भरायला येणाऱ्या त्या कासाराचं नाव मी कधी विचारलं नाही. बाईचा हात धरला की तो दुसरीकडेच बघायचा. माप त्याला बोटांनीच कळायचं.

ताई पहिलटकरीण. सातव्या महिन्यात तिला हिरवा चुडा भरायला तो आला. लग्नातल्या मापाची बांगडी काही केल्या हातात जाईना. एक पिचली. "वाढली," आई घाईनं म्हणाली. "पोरीचं अंग भरलंय की." आम्हा सगळ्यांनाच त्या भरलेल्या अंगाचं कौतुक होतं.

त्यानं प्रथमच हाताकडे नीट बघितलं. ताईच्या मनगटावर अंगठा दाबून उचलला. खळगा तसाच राहिला.

"आक्का, ह्ये भरल्यालं न्हाय, सूज हाय. दवाखान्यात दावा."

शुभ दिवशी अभद्र बोलतो म्हणून आईनं त्याला झापलं. त्यानं मोठ्या मापाच्या बांगड्या भरल्या.

पंधरा दिवसांनी ताईला झटके आले. दवाखान्याच्या वाटेवर टांग्यातच ती गेली, हिरव्या चुड्यासकट.

पुढं माझ्या सातव्या महिन्यात तोच आला. बांगड्यांचं गाठोडं सोडण्याआधी त्यानं माझ्या मनगटावर अंगठा दाबला. आई उंबऱ्यातच उभी राहिली होती. तिथूनच तिनं हळू आवाजात त्याला विचारलं,

"भरला का खळगा?"