थांबणारं कुत्रं

कुत्रं पारखायचं असलं की मामा आधी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे. हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या खजुरांवर. मागे कुत्रं भुंको, शेपूट हलवो, नाहीतर निघून जावो, मामा वळून बघायचे नाहीत. दहा मिनिटांनी उठायचे, पँट झटकायचे आणि निकाल द्यायचे.

"हे मायाळू हाय, पण शानं न्हाई."

"न बघता कसं कळलं, मामा?"

"बघितलं की कुत्रं नाटक करतंय. आपल्यावानीच."

मी इथे आखातात, हमरिया फ्री झोनमधल्या एका पंपांच्या कंपनीत आहे. धैदच्या बाजूला एका अरबी मालकाची खजुरांची मोठी बाग आहे, तिथल्या पंपांची देखभाल माझ्याकडे असते. पहिल्याच खेपेला तिथे गाळणी उघडताना माझं बोट चेमटलं, आणि मागून आवाज आला, "साहेब, शिवी मराठीत दिली म्हणून इचारतो. गाव कुठलं?" ही आमची ओळख. बागेत सगळे त्यांना मामाच म्हणायचे; ते जतकडचे. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कारवानी कुत्री, म्हणजे आपल्याकडची ती लांब पायांची, वाऱ्यासारखी पळणारी. अरबांचा सलुकी आणि आपला कारवानी शेजारी उभे केले तर भाऊ वाटतील, म्हणून मालकाने मामांना आपले सलुकी सांभाळायला मुद्दाम आणलं होतं.

मालकाने नातवंडांसाठी ससे पाळले होते. ते पिंजऱ्याखालची जमीन पोखरून सुटले आणि वर्षभरात बागभर झाले. सशांचं तुम्हाला सांगायला नकोच. खजुरांच्या मुळाशी बिळं केली, ठिबकच्या नळ्या कुरतडल्या, माझ्या तर नाकी नऊ आणले. मालकाचा हुकूम असा की ससे मारायचे नाहीत, जिवंत धरून परत पिंजऱ्यात आणायचे. त्यासाठी त्याने एक फेरेट आणलं. मुंगसासारखं लांबुडकं, पांढरंशुभ्र, पाळीव जनावर. ते बिळात शिरतं, ससा घाबरून दुसऱ्या तोंडाने बाहेर येतो आणि तिथे लावलेल्या जाळ्यात अडकतो. आता नेमकं बीळ दाखवायला फक्त कुत्रं हवं होतं.

कुत्रं ठरवायला बागेत सभाच भरली. मालक, म्हणजे सगळ्यांचा अरबाब, म्हणाला, अर्थातच सलुकी. केरळच्या मॅनेजरने मित्राकडचा टेरियर सुचवला, तो उंदरांवर तयार झालेला होता. मीही उंटावरून शेळ्या हाकल्या: "मामा, आपला कारवानी असता तर!"

मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "साहेब, पळणारं कुत्रं कुनालाबी आवडतं. इथं पळायचं काम कुठाय? वासानं सांगायचं, ससा ह्या बिळात हाय. मग गप हुबं ऱ्हायचं. वर दंगा झाला तर ससा भाईर येतोय व्हय? आन्‌ फेरेट भाईर आलं तर त्याला दात लावायचा न्हाई. आपल्याला थांबणारं कुत्रं पायजे."

असं कुत्रं त्यांच्या नजरेत होतं, आणि तीच अडचण होती. पंपघराच्या सावलीत एक भटकी कुत्री येऊन राहिली होती. वाळूच्या रंगाची, एक कान फाटलेला. मामा तिला खुबूस, म्हणजे इथली रोटी, घालायचे आणि "बाई" म्हणून हाक मारायचे. मॅनेजरला ती डोळ्यासमोर नको होती. "मामा, शुक्रवार तक. उसके बाद गाडी बुलाएगा," असं त्याने बजावलं होतं. भटकी कुत्री उचलणारी ती गाडी आली की बाई पुन्हा दिसणार नाही, हे मामांना ठाऊक होतं.

त्यांनी आठवडा मागून घेतला, तोही मालकाकडून. मग त्यांनी आपल्याकडच्या धनगरांची युक्ती केली. धनगर राखणीचं पिल्लू कोकरांबरोबरच वाढवतो, म्हणजे त्याला मेंढरं घरचीच वाटतात. बाई पिल्लू नव्हती, पण मामांनी फेरेटचा पिंजरा तिच्या पाण्याच्या भांड्याला लागून ठेवला. पिंजऱ्यातल्या गवतात हात चोळायचे आणि त्याच हाताने तिला खुबूस भरवायचे. माणसांना एका ताटात जेवायला घालतात ना, तसं.

एका दुपारी मला म्हणाले, "साहेब, एक इचारू? म्या तिला निवडतोय ते कामाची हाय म्हणून, का माझा जीव गुतलाय म्हणून?"

मी बाईकडे बघितलं. तेच पुढे म्हणाले, "त्या पांढऱ्याला तिनं दात लावला तर म्याच तिला गाडीत चढवीन. अरबाबला खोटं कुत्रं देनार न्हाई."

पुढच्या शुक्रवारी सकाळी परीक्षा झाली. पहिला टेरियर. त्याने बिळापाशी असा काही गोंधळ घातला की आतले ससे बाहेर यायचं नावच घेईनात. तो भुंकत होता, वाळू उकरत होता आणि वाळू सगळी मॅनेजरच्या इस्त्रीच्या शर्टावर उडत होती. तासाभराने मॅनेजरनेच हात टेकले.

मग सलुकी आला. काय त्याचा रुबाब! मालक खुशीत. "हबीबी, ये नंबर वन!" फेरेट आत गेलं, ससा जाळ्यात पडला, आम्ही टाळ्या वाजवणार एवढ्यात फेरेटचं पांढरं डोकं बिळातून बाहेर आलं. सलुकीने झेप घेतली. आम्हाला काही कळायच्या आत मामा फेरेटवर पालथे पडले होते. उठले तेव्हा फेरेट त्यांच्या शर्टात होतं आणि मनगटातून रक्त येत होतं.

"अरबाब, उसका गलती नहीं," मामा मनगटाला रुमाल बांधत म्हणाले. "वो भागने को पैदा हुआ."

शेवटी बाई. तिने एक बीळ हुंगलं, सोडलं. दुसरं सोडलं. तिसऱ्यापाशी पुढचा पाय उचलून उभी राहिली. मामांनी जाळी लावली, फेरेट सोडलं आणि ते स्वतः पांढरेफटक पडले. ससा धाडकन जाळ्यात आला, बाईने नुसते कान हलवले. मग फेरेट बाहेर आलं आणि तडक तिच्या पुढच्या पायांत शिरलं. मॅनेजरने डोळे मिटले. फेरेटने मान वर करून तिचं नाक हुंगलं. बाईने नातेवाइकांचं पोर अंगाशी आल्यासारखं तोंड जरा बाजूला केलं, आणि पुन्हा बिळाकडे बघू लागली.

"मामा, ये कौन सा जात का है?" मालकाने विचारलं.

"रस्ते का है, अरबाब."

"खलास," मालक हसत म्हणाला. "अब बाग का है."

मामा पाण्याच्या टाकीमागे गेले ते बराच वेळ आले नाहीत. मी बघायला गेलो, तर नळाखाली तोंड धूत होते. "वाळू गेली डोळ्यात," म्हणाले. मी मान डोलावली.

दोन वर्षांत त्या तिघांनी, म्हणजे मामा, बाई आणि फेरेटने, बागेतला ससा न्‌ ससा पिंजऱ्यात परत आणला. मग मामांचं वय झालं, व्हिसा संपला, ते कायमचे गावी गेले. बाईला बरोबर न्यायचं त्यांच्या मनात होतं, पण मालक तिला सोडायला तयार नव्हता, आणि आता तर मॅनेजरच तिच्यासाठी ताजं खुबूस मागवतो.

मी बागेत गेलो की मामांना फोन लावतो. पहिल्या वेळी कॅमेरा बाईकडे वळवायला गेलो, तर ते घाईने म्हणाले, "नगा, साहेब. माझा आवाज तिच्या कानावर पडू देऊ नगा. बागभर हुडकत बसंल."

"मग काय करू?"

"काय बोलू नगा. फोन तिच्या भांड्यापाशी धरा."

मी धरला. ऊन तापलं होतं, बाई आली, आणि लपक लपक पाणी पिऊ लागली. ती भांडं रिकामं करेपर्यंत जतहून एक शब्दही आला नाही.