एकाच गावात दोन दूध केंद्रं

मी शहापुरात घरी बसून कंपन्यांचे नकाशे काढते. जमिनीचे नाहीत, कामांचे. एखादा उद्योग काय काय करतो ते चौकोनांत मांडायचं. कोण करतं, कुणाच्या दारात करतं, ते मांडायचं नाही. याला आमच्यात बिझनेस रेफरन्स मॉडेल म्हणतात, आणि नव्या पोरांना मी ते फार तोऱ्यात शिकवते. एकच काम दोन ठिकाणी सापडलं की आम्हाला घबाड मिळाल्यासारखं होतं, कारण त्यातलं एक बंद करता येतं.

मागे एका खासगी डेअरीचं काम आलं. नकाशात मुरबाडकडचं माझं माहेरचं गाव निघालं, आणि त्या एवढ्याशा गावात दूध संकलन दोनदा. एक केंद्र गावात, आमच्याच पडवीत. ते माझी वहिनी चालवते. दुसरं ओहोळापलीकडच्या वाडीत. मीटिंगमध्ये डेअरीच्या मॅनेजरने विचारलं, "हे दोन कशाला?"

कशाला ते मला पाठ होतं. वाडीतल्या बायका पूर्वी आमच्याच पडवीत दूध आणायच्या. त्यांनी पायरीखाली उभं राहायचं, गावातल्यांचं घेऊन झालं की दूध भांड्याला भांडं न टेकवता वरून ओतायचं, मापाला हात लावायचा नाही. उन्हाळ्यात ताटकळून दूध नासायचं आणि परत जायचं. म्हणून त्यांनी भांडून स्वतःचं केंद्र मिळवलं होतं. पण हे सांगायचं तर आमचंच घर पुढे आलं असतं. मी म्हटलं, "डुप्लिकेट आहे." माझं कौतुक झालं. मला ते आवडलंही, हे लिहिताना आता कान तापतात.

मे महिन्यात माहेरी गेले. सकाळी पडवीत रांग लागलेली. वाडीतली एक बाई सगळ्यांच्या आधी येऊन पायरीखाली उभी होती. वहिनी तिला म्हणाली, "तू थांब गो जरा, आपल्यांचं होऊ दे आधी." रागाने नाही, रोजच्यासारखं.

त्या बाईने मला ओळखलं. "ताई, आमचं सेंटर बंद केलं बघा. का केलं असंल?"

"वरून ठरलं असेल," मी म्हटलं.

"तुमी मोठ्या कंपनीत. तुमाला नाय का सांगता येणार?"

"बघते," म्हटलं आणि मान खाली घातली. तिचा नंबर आला तेव्हा ऊन पायरीवर उतरलं होतं. वहिनीने दुधाचा वास घेतला आणि किटली परत दिली. बाई ती घेऊन निघून गेली. वहिनीने दिलेला चहा मी निमूट प्यायले.

शहापूरला परतल्यावर मॅनेजरला मेल लिहायला बसले: वाडीतलं केंद्र पुन्हा सुरू करावं. कारण लिहिताना "आमच्या पडवीत" इथवर आले आणि ते शब्द पुसून टाकले. त्याऐवजी लिहिलं, पावसाळ्यात ओहोळाला पाणी चढतं, बायकांना येता येत नाही. खोटं नव्हतं ते. तेवढ्यावर मी स्वतःची समजूतही घातली.

उत्तर लगेच आलं. मुद्दा पटला होता. पावसाळ्यापुरतं केंद्र चालू ठेवायचं, पाणी ओसरलं की बंद.

पाणी कधीच ओसरलं. ती बाई पुन्हा आमच्या पायरीखाली उभी असते.